मोरीतला उंदीर आणि परळचे हाफकिन

कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून आणे घाट चढला, की पठार लागते. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचे आणे हे गाव रंगदास स्वामींच्या समाधीसाठी आणि तेथील आमटी-भाकरीच्या महाप्रसादासाठी पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. पाण्याची ओढ या पठाराला नवी नाही. अलीकडच्या काळात येथे जुन्या मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, न्हाणीघर घराच्या आत आले आणि सांडपाण्याचा पाइप भिंतीतून परसात निघाला. या पाइपाच्या बाहेरच्या तोंडावर जाणता गवंडी आठवणीने एक जाळी बसवतो. ती नसेल तर पाइपातून उंदीर घरात चढतो आणि उंदराचा माग काढत साप येतो, एवढे साधे त्याचे कारण. बिबट्याच्या भीतीने दाराला दुहेरी कडी घालणाऱ्या या तालुक्यात पाइपाच्या जाळीचे कौतुक कोण करणार? पण या चार इंचाच्या जाळीमागे एक मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक माणूस उभा आहे. त्याचे नाव मुंबईत रोज हजारोंच्या तोंडी असते. ते नाव त्यांच्यापुरते परळच्या एका संस्थेचे असते, माणसाचे नव्हे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. तत्कालीन रशियन साम्राज्यात ज्यू असणे म्हणजे पावलोपावली अडथळा. ओडेसाच्या विद्यापीठात ते निसर्गविज्ञान शिकले. रोगजंतूंना गिळणाऱ्या रक्तपेशींचा शोध लावून पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकॉव्ह तेथे त्यांचे गुरू होते. १८८१ मध्ये ज्यूविरोधी दंगली उसळल्या, तेव्हा हा विद्यार्थी वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तुकडीत होता. तो जखमी झाला, त्याला अटकही झाली आणि मेचनिकॉव्ह यांच्या शब्दामुळे त्याची सुटका झाली. पुढे प्राध्यापकपदाची वाट खुली होती, पण त्यासाठी धर्मांतराची अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली आणि देशच सोडला. जिनिव्हामार्गे १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेव्हा तेथे रिकामी जागा होती ती साहाय्यक ग्रंथपालाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हाफकिन हे डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेच्या लष्करी थाटाच्या उतरंडीत ही उणीव त्यांना शेवटपर्यंत भोवली.

पॅरिसमध्ये त्यांनी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू हाती घेतला. प्राण्यांवरील प्रयोग संपल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली लस टोचली ती स्वतःलाच. ताप आला, तो उतरला. त्यांनी पुढची मात्राही घेतली. लशीची खरी परीक्षा मात्र पटकी जेथे दरवर्षी येते तेथेच होणार होती. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यात उतरले. पुढची दोन वर्षे उत्तर हिंदुस्थानात गावोगावी, छावणीछावणीत फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या काठाल बागान वस्तीत लोक ज्या तळ्याचे पाणी पीत, त्याच तळ्यात धुणी होत आणि त्याच तळ्यात सांडपाणी झिरपे. लोकांचा संशय दूर व्हावा म्हणून पथकातील डॉक्टर आधी त्यांच्यासमोर स्वतःला सुई टोचून घेत. सक्ती करायची नाही, हे हाफकिन यांचे तत्त्व तेव्हापासूनचे. हिवतापाने खंगल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपला परतले आणि जरा बरे वाटताच पुन्हा आले.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना जांघेत आणि काखेत गाठ आलेले, तापाने फणफणलेले रुग्ण दिसू लागले. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असे निदान त्यांनी केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी. गोण्यांच्या राशी, त्यांच्या आधाराने वाढलेले उंदीर आणि वखारींना खेटून माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी. आठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसे पळाली. त्यांनी रोग आपल्याबरोबर रेल्वेने, बैलगाडीने दख्खनभर नेला. धान्याच्या गोणीत बसून उंदीरही गेला. घरात उंदीर पडले की वाडा सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, ही रीत देशावरच्या गावांनी तेव्हाच अंगी बाणवली.

सरकार गोंधळले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सें यांनी शोधला होता; तो माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. दुर्गंध, ओल आणि घाण यांतूनच रोग उपजतो, हा जुना समज अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्का होता. म्हणून सारा भर पडला गटारांवर. मुंबईच्या गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांचे लोट सोडण्यात आले. घरांना चुना फासला, ऊन यावे म्हणून कौले उतरवली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर इंग्रजी अक्षरे रंगवली. गटार धुण्यात गैर काहीच नाही. पण गटारात राहणाऱ्या उंदराला औषधाचा लोट असह्य झाला, की तो जाणार कुठे? जवळच्या मोरीतून वर घरात. शहर वाचवण्यासाठी केलेल्या या उपायाने उंदीर उलट वस्तीत पसरले असावेत, असे पुढे अनेकांनी म्हटले. त्यात तथ्य असावे असे वाटते.

पुण्यातील घरझडत्या, रँड यांचा अंमल आणि २२ जून १८९७ ची रात्र ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिची येथे पुनरावृत्ती नको. एवढेच लक्षात घ्यावे, की ज्या काळात सरकार बुटांनिशी देवघरात शिरत होते, त्याच काळात त्याच सरकारने बोलावलेला हा परदेशी शास्त्रज्ञ राजीखुशीने पुढे येईल त्यालाच सुई टोचत होता.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि व्हरांडा. मनुष्यबळ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. तेथे त्यांनी जे केले ते स्वयंपाकघरातल्या प्रयोगासारखे वाटावे असे आहे. चपट्या बुडाच्या चंबूत मांसाचा रस्सा घ्यायचा. हिंदूंना गाईचे आणि मुसलमानांना डुकराचे वर्ज्य म्हणून मांस बोकडाचे. त्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू या थेंबांना बिलगून वाढत आणि गुहेच्या छताला चुनखडीचे लोलक लोंबावेत तसे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की ते तुटून तळाशी जात आणि वर नवे धरत. असे पुन्हा पुन्हा झाले, की उष्णतेने जंतू मारायचे आणि किंचित कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. लोणकढ्या तुपाचा असा उपयोग जगात आधी कोणी केला नसेल!

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःलाच टोचली आणि मात्राही नेहमीपेक्षा मोठी घेतली. सणकून ताप आला, दंड सुजला, पण काम थांबले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस देण्यात आली. उरलेल्यांना दिली नाही. लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. आकडे लहान होते, पण शहराला धीर द्यायला पुरेसे होते. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगा खान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. त्या प्रासादाचीही एक कथा आहे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे कॉलऱ्याने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी ती जागा सोडली. दूषित पाण्याने राजवाड्यातून माणसे उठवली आणि तेथे जंतूंचा अभ्यास करणारा माणूस राहायला आला.

परळहून लशीच्या बाटल्या देशभर आणि देशाबाहेर जाऊ लागल्या. हाफकिन यांना किताब मिळाला, ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. हेवाही वाढला. वैद्यकीय सेवेबाहेरचा, पदवीने डॉक्टर नसलेला, रशियातून आलेला ज्यू सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, हे अनेकांना पचले नाही.

मग मुल्कोवाल घडले. पंजाबातील (आता पाकिस्तानात) या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व दगावले. एकोणीस घरांवरचा तो घाला शब्दांत मावणारा नाही. दोष कोठे घडला? परळला बाटली भरताना की गावात ती उघडताना? चौकशी आयोगाने बोट ठेवले परळवर. मोठ्या मागणीला पुरे पडावे म्हणून हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते, हे त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. वास्तविक त्या दिवशी बाटलीचे बूच उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशकात बुचकळून वापरण्यात आला होता. धनुर्वाताचा जंतू मातीतच असतो. शिवाय बाटली परळमध्येच दूषित झाली असती तर आठवडे लोटल्यावर तिला दुर्गंधी सुटायला हवी होती; ती उघडताना तशी दुर्गंधी आल्याची नोंद नव्हती. हे सारे कागदोपत्री असूनही अहवाल प्रसिद्ध व्हायला १९०६ चा अखेर उजाडला. हिवतापाचा वाहक डास असल्याचे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये संयुक्त पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. सरकारची चूक दुरुस्त व्हायला पाच वर्षे लागली.

या पाच वर्षांत परळमध्ये जे घडले तो या चरित्रातला सर्वांत विलक्षण योग म्हणावा लागेल. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग माणसापर्यंत आणते, हे पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच कराचीत प्रयोगाने दाखवले होते. हाफकिन यांच्याप्रमाणेच सिमाँही पाश्चर संस्थेशी जोडलेले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्या काळच्या सरकारी प्लेग आयोगानेही हा सिद्धान्त बाजूला सारला. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी तोच धागा उचलला. प्लेग झालेल्या चाळीत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या. त्या उंदरांच्याच निघाल्या. १९०५ पासून नव्या प्लेग संशोधन आयोगाचे काम चालले ते परळच्या त्याच प्रयोगशाळेत. तिचे संस्थापक मात्र तेव्हा परदेशात आपल्या अब्रूसाठी झगडत होते.

या आयोगाने मुंबईतले उंदीर हजारोंच्या संख्येने तपासले आणि शहराची एक वेगळीच रचना उघड झाली. मुंबईत उंदरांच्या दोन जाती प्रामुख्याने होत्या. एक काळा, सडपातळ, लांब शेपटीचा. तो घरात, माळ्यावर, वाशांवर राहतो. दुसरा तपकिरी, दांडगा, ज्याला आपण घूस म्हणून झोडपतो त्या वळणाचा. तो गटारात, गल्लीबोळांतील नाल्यांत आणि तबेल्यांत राहतो. प्लेगची लाट आधी या गटारातल्या उंदरांत उसळते. साधारण दहा दिवसांनी ती घरातल्या काळ्या उंदरांत येते आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसे पडू लागतात. म्हणजे गटार आणि घर यांच्यामध्ये एक दार होते आणि मृत्यू त्या दाराने ठरलेल्या वेळापत्रकाने येत होता. ते दार म्हणजे आपली मोरी, तिचा फुटका नळ, जाळी नसलेले गटाराचे तोंड आणि चाळींच्या मागचा अरुंद घाणबोळ. आजाराचे मूळ घाणीत आहे असे मानणारे जुने अधिकारी चुकले होते ते एवढ्याच बाबतीत, की त्यांनी वास मोजला आणि घाणीत फिरणाऱ्या जिवाकडे पाहिले नाही.

या वेळापत्रकाचा साधा धडा आजच्या प्लंबरला ठाऊक असतो, भले त्याने आयोगाचे नाव ऐकलेले नसो. तपकिरी उंदीर उत्तम पोहतो, श्वास रोखून पाण्याखालून जातो आणि दोन सेंटिमीटरच्या भोकातूनही अंग काढतो. न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साचून राहते ते दुर्गंध आणि झुरळे अडवण्यासाठी; बंद घरात ते आटले की मार्ग मोकळा होतो. म्हणून गावाला जाऊन आलेल्याच्या घरात पहिल्या रात्री झुरळे दिसतात. उंदराला मात्र पाण्याचा पडदा पुरत नाही, त्याला लोखंडी जाळीच लागते. प्लास्टिकची तो कुरतडतो. इमारतीच्या पायथ्याचा गली ट्रॅप, चेंबरचे तडकलेले झाकण, पाइप भिंतीतून जातो तेथे राहिलेली फट ही त्याची खरी दारे. फटीत नुसते सिमेंट न भरता आत तारेची जाळी कोंबून मग सिमेंट लिंपावे लागते. गच्चीवरील टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी नसेल तर तेथून डास, पाली आणि क्वचित उंदीरही आत उतरतो आणि ते पाणी घरभर जाते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांत रंगकामावर तासन्‌तास खल होतो. चेंबरच्या झाकणाचा विषय मात्र पटलावर येतच नाही.

विषय जुना झालेला नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर वर्षभराने, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत घबराट उडाली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचा बळी घेतला. तो जंतू उंदराच्या मुताबरोबर गटाराच्या पाण्यात उतरतो आणि गुडघाभर पाण्यातून चाललेल्या माणसाच्या पायाच्या जखमेतून आत शिरतो.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन हिंदुस्थानात परत आले खरे, पण त्यांना मुंबई मिळाली नाही. नेमणूक कलकत्त्याला झाली, तीही मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याच्या प्रयोगांना मुभा न देता. ज्याची लस देश वापरत होता, त्याला स्वतःला मात्र ती कोणाला टोचून पाहता येत नव्हती. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि पॅरिसला गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात ते धर्माकडे अधिकाधिक वळले आणि ज्यू आचारधर्माच्या बाजूने लिहू लागले. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली, त्याच्याच शिक्षणासाठी अखेर आपली मिळकतही त्यांनी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. ही लस कायमचे अभय देणारी नव्हती, टोचल्यावर त्रासही बराच होई. पण मृत्यूचे प्रमाण तिने मोठ्या अंशाने घटवले. देशात प्लेगने एकूण एक कोटीहून अधिक बळी घेतले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घटीचे मोल कळते.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. हाफकिनच्या नावाने तयार होणारी सर्पदंशावरील लस पुढे गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचली. आणे पठारावर पाइपाच्या तोंडावरची जाळी कधी निसटलीच आणि उंदरामागून आलेला साप कोणाला डसलाच, तर डॉक्टर कपाटातून जी बाटली काढतील, तिच्यावर हेच नाव छापलेले असण्याची शक्यता मोठी आहे.